लग्नाचं फुटेज ठेवायला हार्डडिस्क: डब्ल्यूडी, सीगेट की तोशिबा?

सांगलीचा_फोटोवाला

नमस्कार मंडळी. सांगलीत छोटा स्टुडिओ आहे, लग्न-मुंज-बारसं सगळं करतो, मी आणि चुलतभाऊ, सीझनला दोन पोरं जास्तीची घेतो. २०१४ पासूनचा सगळा डेटा त्या खिशात मावणाऱ्या पोर्टेबल हार्डडिस्कांवर आहे, काल मोजल्या तर ११ निघाल्या. एकेकीवर मार्करनं 'मे १७ ते डिसें १७' असं लिहिलंय आणि सगळ्या एका ड्रॉवरमध्ये. दुसरी कॉपी म्हणाल तर चालू सीझनची कॉम्प्युटरवर असते, जागा भरली की उडवतो. माहितीय, माहितीय, ओरडू नका.

तर गेल्या मंगळवारी एक डिस्क लावली आणि आतून टक टक टक, मग गप्प, परत टक टक. तिच्यावर चार लग्नं आहेत. तीन पोचती झाली, चौथ्याचा अल्बम बाकी, कारण गिऱ्हाईक दीड वर्ष झालं फोटो सिलेक्टच करतंय, धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आणि परवा नेमका त्यांचाच फोन, दादा झालं बरं का सिलेक्शन, यादी पाठवतो. पोटात गोळा आला राव.

आता सरळ प्रश्न. सगळं गोळा करून मोठ्या डिस्कवर टाकायचं ठरवलंय, १७-१८ टीबी भरेल. दुकानदार म्हणतो डब्ल्यूडीच घ्या, भाऊ म्हणतो सीगेट, एडिटिंगवाला मित्र म्हणतो तोशिबा जपानी आहे ती घे. बंद पडलेली कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिथंच पेटेल. कुठल्या कंपनीची सगळ्यात कमी मरते हे कुणी अनुभवानं सांगेल का?

डोळे_झाकून

डब्ल्यूडी. विषय संपला. माझी २०११ ची अजून चालू आहे.

ऑरेंज_सिटी

माझ्याकडे सीगेट २०१० पासून चालू आहे भाऊ, एकदा टेबलावरून खाली पडली तरी काही झालं नाही. आता बोला.

डोळे_झाकून

नशीब तुमचं.

ऑरेंज_सिटी

तुमचंही तेच की मग.

रिकव्हरीवाला_पुणे

कंपनीचं नंतर बघू, आधी हे सांगा की ती टकटक करणारी डिस्क आत्ता कुठे आहे? कॉम्प्युटरला लावलेली असेल तर पहिल्यांदा काढा. मंगळवारनंतर तिच्यावर काय काय केलंत?

सांगलीचा_फोटोवाला

तेच सांगायला लाज वाटतेय. भावानं यूट्यूब बघून रात्रभर चेकडिस्क, ते विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल, लावून ठेवलं. सकाळी २ टक्क्यावर अडकलेलं होतं म्हणून बंद केलं. आता डिटेक्ट होते कधी कधी. फ्रीजरमध्ये ठेवायचं पण कुणीतरी सांगत होतं, अजून ठेवली नाही.

रिकव्हरीवाला_पुणे

ठेवूही नका. फ्रीजरमधून बाहेर काढली की आत दव धरतं, आणि तबकडीवर दव म्हणजे उरलंसुरलं पण गेलं. ही युक्ती एके काळी दोन-चार डिस्कांवर चालली असेल, तेवढ्यावर ती वीस वर्षं फिरतेय.

टकटक म्हणजे काय होतंय ते सांगतो म्हणजे भावाला पण समजेल. आत तबकड्या फिरतात आणि त्यावर हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, हवेच्या पातळ थरावर तरंगतं, तबकडीला टेकत नाही. ते अंतर काही नॅनोमीटर असतं आणि माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हेडला आपण कुठे आहोत हे कळायला तबकडीवर खुणा लिहिलेल्या असतात, त्या वाचता आल्या नाहीत की हेड परत जागेवर येतं, परत जातं, परत येतं, तो आवाज. म्हणजे बहुतेक हेड कमजोर झालंय किंवा वाकलंय. त्यात चेकडिस्क लावलं की ते हेड हजारदा त्याच खराब जागी जातं, खरचटलं तर तबकडीवर रेघ उमटते, आणि रेघ उमटली तिथला डेटा जगात कुणीच आणू शकत नाही, मग पैसे कितीही मोजा. शिवाय चेकडिस्क फाइलसिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्याची वही, 'दुरुस्त' करतं म्हणजे डिस्कवर लिहितं. मरणाऱ्या डिस्कवर काहीही लिहायचं नसतं.

टकटक नसती, नुसती हळू झाली असती किंवा मधेच फाइल वाचताना अडखळत असती तर घरी करण्यासारखं एक काम आहे, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट टूल आहे ते आधी सोपा भाग उचलतं आणि अवघड जागी नंतर परत येतं, त्यानं पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि जे काय करायचं ते त्या प्रतिमेवर. तुमच्या बाबतीत ती पायरी आता गेली. ज्याच्याकडे क्लीन बेंच, म्हणजे धूळ न येणारं टेबल, आहे, जो त्याच मॉडेलची दुसरी (डोनर) डिस्क आणून तिचं हेड यात बसवतो, त्याच्याकडेच द्या. गल्लीतल्या माणसानं 'बोर्ड बदलून देतो' (डिस्कखालची सर्किटची पट्टी) म्हटलं तर नको म्हणा. आजकालच्या बोर्डवरच्या चिपमध्ये फक्त त्याच एका डिस्कची माहिती असते, ती चिप उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवल्याशिवाय बोर्ड बदलून उपयोग नाही.

आणि अजून एक, तुमच्या पोर्टेबलमधल्या बऱ्याचशात यूएसबीचं पोर्ट थेट बोर्डावरच असतं, उघडून साटाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नेहमीच्या डिस्क-जोडणीला, जोडू म्हटलं तर आत साटा नसतोच. काहींमध्ये पासवर्ड न लावता सुद्धा आतली चिप सगळं एन्क्रिप्ट करून लिहिते. पोर्ट सैल झालं तरी डेटा अडकतो. रोज बॅगेत हिंडणाऱ्या, लग्नाच्या गडबडीत ओढून काढल्या जाणाऱ्या डिस्कसाठी हे सगळं वाईटच.

कुलूप_किल्ली

डिस्क घ्यायच्याच कशाला, क्लाउडवर टाका ना सगळं.

सांगलीचा_फोटोवाला

१८ टीबी हो. आणि अपलोड स्पीड बघायला या एकदा इकडं, चहा पाजतो.

जुना_हमाल

मी १९९४ पासून कॉम्प्युटर जोडतोय, लॅमिंग्टन रोडवरून डिस्क आणून रुमालात गुंडाळून लोकलनं नेल्यात, म्हणून कंपनीच्या प्रश्नावर थोडं इतिहासात जाऊन बोलतो, घाई असेल त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

आमच्या वेळी कॉनर, क्वांटम, मॅक्सटर, फुजित्सू, सॅमसंग, आयबीएम, सीगेट, डब्ल्यूडी असा बाजार होता. क्वांटम फायरबॉल म्हटलं की लोकांचे डोळे चमकायचे. आता मोजा. कॉनर १९९६ ला सीगेटनं घेतली. क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ ला मॅक्सटरमध्ये गेला आणि मॅक्सटर २००६ ला सीगेटमध्ये. सॅमसंगचा डिस्कचा धंदा २०११ ला परत सीगेटच. फुजित्सूचा २००९ ला तोशिबाकडे. आता दुनियेत फिरत्या तबकडीची डिस्क बनवणारे तीनच उरलेत. बाकी दुकानात जी नावं दिसतात त्यांच्या डब्यात या तिघांचीच डिस्क असते, वर फक्त प्लास्टिक वेगळं.

आता आयबीएमची गोष्ट, ही माझी आवडती. २००० साली त्यांची डेस्कस्टार ७५जीएक्सपी आली, वेगवान, दिसायला झकास, आणि इतक्या मेल्या की लोक तिला डेथस्टार म्हणायला लागले. अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टात खेचलं. आयबीएमनं २००२ मध्ये सगळा डिस्कचा धंदा हिटाचीला विकायचं ठरवलं. कुणालाही विचारलं असतंत तर सांगितलं असतं की हिटाचीनं मढं विकत घेतलंय. तर झालं काय, तीच माणसं, तेच कारखाने, पुढे एचजीएसटी नाव झालं, आणि दहा वर्षांनी जेव्हा कुणीतरी हजारो डिस्कांचे आकडे उघड छापायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात कमी मरणारी डिस्क कुठली निघाली, तर एचजीएसटीची! डेथस्टारच्या घराण्यातली!

गोष्ट अजून संपली नाही. २०१२ ला एचजीएसटी डब्ल्यूडीनं घेतली. पण तसं झालं तर मोठ्या डिस्कांत दोनच खेळाडू उरतील म्हणून सरकारी नियामकांनी अट घातली आणि हिटाचीची साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्कांची लाइन तोशिबाला द्यायला लावली. म्हणजे तुमचा मित्र ज्याला जपानी म्हणतो आणि तुमचा दुकानदार ज्याला डब्ल्यूडी म्हणतो त्या दोन्हीत डेथस्टारचं रक्त आहे. आता करा कंपनीवरून भांडण.

सीगेटवाल्यांनी पण हसू नये. २००९ च्या जानेवारीत बॅराकुडा ७२००.११ च्या फर्मवेअरमधला घोळ बाहेर आला, डिस्क ठणठणीत, तबकडी साफ, पण रात्री बंद केली की सकाळी डिटेक्टच व्हायची नाही. यंत्र बिघडलं नव्हतं, आतला प्रोग्राम अडकला होता. कंपनीनं नवा फर्मवेअर दिला, अडकलेल्यांचा डेटा काढून द्यायची सोय पण केली.

डोळे_झाकून

हमाल काका, मग डब्ल्यूडीचं काहीच नाही का? सगळे बदनाम झाले, आमची तेवढी सुटली.

म्युनिककर

नाही सुटली, ती माझी लाइन आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स मॉडेलमध्ये कंपनीनं न सांगता एसएमआर (म्हणजे काय ते खाली सांगतो) वापरलंय. रेड ही नासमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कांच्या डब्यात, घालायची म्हणून विकली जाणारी डिस्क, आणि एसएमआर तिथे नीट चालत नाही. तेव्हा जेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांच्या डिस्का रीबिल्डला, म्हणजे मेलेल्या डिस्कच्या जागी घालून डेटा परत भरायला, लावल्या की हँग होऊन बाहेर फेकल्या जायच्या. गदारोळ झाल्यावर रेड प्लस नाव काढून सीएमआरवाल्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या, वेगळ्या केल्या. तेव्हाच बाकी दोघांनीही कबूल केलं की आमच्याही काही मॉडेलात आहे.

फोटोवाले दादा, तुमच्यासाठी हे कंपनीपेक्षा महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. एसएमआर म्हणजे कौलं कशी एकावर एक चढवून बसवतात तसे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ पण उचलावी लागते. म्हणून अशी डिस्क सुरुवातीला झकास पळते, तिच्यात थोडी जागा कच्च्या कामासाठी राखलेली असते ती भरली की कॉपीचा वेग सेकंदाला १५० वरून १०-२० एमबीवर येतो. तुम्ही लग्नाहून येऊन चार कार्डं एकदम कॉपी मारता ना, तेव्हा मधेच जी मरगळ येते ती बहुतेक हीच. १ टीबीच्या पुढच्या अडीच इंची पोर्टेबल जवळपास सगळ्या एसएमआर असतात. मरतातच असं नाही, पण मोठं काम करायला नको. साडेतीन इंची घ्या, डेटाशीटवर सीएमआर लिहिलेलं बघून घ्या, लिहिलं नसेल तर ती घेऊ नका.

आता हमाल काकांनी ज्यांचा उल्लेख केला ते आकडे. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आहे, लोकांचा बॅकअप ठेवते, २०१३ पासूनची त्यांची सगळी नोंद उघड आहे, आता तीन लाखांच्या आसपास डिस्का चालवतात. त्यांच्याकडे सगळ्या मिळून वर्षाला मरण्याचं प्रमाण २०२३ ला १.७० टक्के आणि २०२४ ला १.५७ टक्के होतं. म्हणजे शंभरात दीड. आता त्यांच्याकडची सगळ्यात बदनाम डिस्क, सीगेटची ३ टीबीची एसटी३०००डीएम००१. २०१२ मध्ये हजारोंनी लावल्या आणि २०१५ पर्यंत बहुतेक काढून टाकाव्या लागल्या. पण त्याच कंपनीची ४ टीबीची त्यांनी हजारोंनी लावली आणि ती बरी चालली! म्हणजे 'सीगेट मरते' हे पण चूक आणि 'सीगेट चालते' हे पण चूक, ते एक मॉडेल मरत होतं.

आणि त्यातही एक गंमत आहे. २०११ च्या शेवटी थायलंडमध्ये मोठा पूर आला, बँकॉकच्या उत्तरेला डब्ल्यूडीचा कारखाना पाण्याखाली गेला, जगभर डिस्कांचे भाव दुप्पट झाले. तेव्हा बॅकब्लेझच्या लोकांनी घरच्यांना, मित्रांना दुकानात पाठवून बाहेरच्या यूएसबी डिस्का गोळा केल्या, प्लास्टिक फोडून आतली डिस्क काढली आणि सर्व्हरमध्ये घातली. ३ टीबीवाल्यांतल्या काही अशाच आल्या होत्या. तेव्हा घरगुती डिस्क, दिवसरात्र चालणाऱ्या कपाटात, पंचेचाळीस शेजारणींच्या थरथराटात. तुमच्या ड्रॉवरमधल्या डिस्कला तो आकडा लागू होतो का? अर्धाच.

ऑरेंज_सिटी

पण डब्यावर तर १० लाख तास लिहिलेलं असते, ते काय आहे मग?

म्युनिककर

एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं, पण कुठलीच डिस्क ११४ वर्षं चालत नाही, तसा अर्थच नाही त्याचा. हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर नऊएक मरतील असा अर्थ आहे, म्हणजे ०.८८ टक्के. कार्नेगी मेलनच्या दोघांनी २००७ मध्ये प्रत्यक्ष कामावरच्या डिस्का मोजल्या तर वर्षाला बदलाव्या लागणाऱ्या सहसा २ ते ४ टक्के निघाल्या, काही ठिकाणी १३ पर्यंत. जाहिरातीतलं मायलेज आणि घाटातलं मायलेज.

दादांचाच हिशेब करा. समजा दीड टक्का धरला आणि सहा डिस्का घेतल्या. वर्षभरात त्यातली निदान एक जायची शक्यता ९ टक्क्यांच्या जवळ. पाच वर्षांत ३६. तुम्ही जगातली सगळ्यात चांगली कंपनी शोधली आणि प्रमाण दीडवरून एकवर आणलं तरी पाच वर्षांत २६ टक्के राहतंच. म्हणजे पाच वर्षांत असा एक मंगळवार यायची शक्यता तीन-चारात एक. फरक फक्त एवढाच पडेल की तो मंगळवार आला तेव्हा दुसरी कॉपी आहे का नाही.

रिकव्हरीवाला_पुणे

माझ्या टेबलावर तिन्ही कंपन्या येतात. जास्त कुठली येते असं लोक विचारतात, तर जी जास्त विकली जाते ती जास्त येते, त्यातून काही कळत नाही. पण कशामुळे येतात ते कळतं. पडलेल्या, चालू असताना हललेल्या, केबल ओढून काढलेल्या. आणि चुकीच्या ॲडॅप्टरनं जळलेल्या, साडेतीन इंचीच्या डॉकला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॅप्टर लावणारे महिन्याला एक दोन भेटतात, पिन बसते ना! ॲडॅप्टरला आजच चिठ्ठी चिकटवा.

लाइट गेली तर काय असं विचाराल. त्याची फार काळजी नको, चालू डिस्कची वीज गेली तर तबकडीच्या फिरण्यातूनच वीज घेऊन हेड जागेवर जाऊन बसतं. पण ते रोज रोज व्हायला नको, आणि त्या क्षणी फाइल लिहिली जात असेल तर ती फाइल मात्र जाते. एक्सफॅट या फाइलसिस्टिममध्ये जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद, नसतं म्हणून तिथे जास्त. मॅक आणि विंडोज दोन्हीला चालतं म्हणून फोटोवाले सर्रास एक्सफॅट करतात, माझ्याकडे येणाऱ्या 'खराब' डिस्कांतल्या कितीतरी ठणठणीत असतात, फक्त फाइलसिस्टिम विस्कटलेली. छोटा यूपीएस घ्या.

कणकवलीची_ताई

मी व्हिडिओ एडिट करते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती घामेजतात, लेन्सवर बुरशी येते. तुमच्याकडे लेन्स ठेवायला ड्राय कॅबिनेट असेलच ना हो दादा? डिस्का त्यातच ठेवा, ड्रॉवरमध्ये कशाला? कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जेल गुलाबी पडलं की तव्यावर भाजून परत निळं करायचं. मात्र मिक्सर, फ्रीजवर, स्पीकरच्या शेजारी नको. आणि सांगली म्हणजे... २०१९ ला स्टुडिओत पाणी आलं होतं का?

सांगलीचा_फोटोवाला

आलं होतं ताई. गुडघ्याच्या वर. कॅमेरे आणि डिस्का बॅगेत भरून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडं नेल्या, प्रिंटर गेला, फर्निचर गेलं. २०२१ ला परत धाकधूक. आणि तरी सगळ्या परत त्याच ड्रॉवरमध्ये ठेवल्या बघा, खालच्या.

जुना_हमाल

मग तुमच्या बाबतीत दुसरी कॉपी दुसऱ्या गावात पाहिजे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, हा जो ३-२-१ चा नियम सगळे सांगतात तो पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनंच रूढ केलाय, कॉम्प्युटरवाल्यानं नाही. तुमच्याच जातकुळीतला. तुम्हाला निम्मा जमला तरी पुष्कळ.

आणि जोडीनं घेताना दोन्ही एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या घेऊ नका. एकाच बॅचमधल्या बहिणींना रोग पण एकाच वेळी लागतो. एक या कंपनीची, एक त्या कंपनीची घ्या, म्हणजे दुकानदार पण खूश, भाऊ पण खूश.

सांगलीचा_फोटोवाला

हे बेस सांगितलंत काका, घरातलं भांडण मिटलं. सासरवाडी कराडला आहे, एक तिकडं ठेवतो. एसएसडीवर ठेवावं का मग कायमचं? ती पडली तरी फुटत नाही म्हणतात.

म्युनिककर

एडिटिंगला एसएसडी घ्या, जरूर घ्या. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला नको. तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात अडकवलेला असतो आणि वीज नसताना तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठी मानक असं आहे की आयुष्यभराचं लिखाण संपवून झाल्यावर ३० अंशांना एक वर्ष डेटा टिकला पाहिजे. नवी असेल तर बरंच जास्त टिकेल, पण सांगलीचा मे महिना ३० अंशांचा नसतो. आणि एसएसडी टकटक करत नाही, सकाळी नुसती नसते.

तुमच्या नव्या डिस्का आल्या की तीन गोष्टी करा. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी बघा, बाहेरच्या डब्यातून काढलेल्या किंवा दुसऱ्या देशातून आलेल्या असतील तर तिथे वॉरंटी दिसत नाही. साध्या डिस्कला दोन वर्षं, नासवालीला तीन, प्रोवालीला पाच अशी सहसा असते. वॉरंटीत डिस्क मिळते, डेटा नाही, आणि मिळते ती पण बऱ्याचदा दुरुस्त केलेली.

दुसरं, ती खरंच नवी आहे का ते बघा. इथे जर्मनीत २०२५ च्या जानेवारीत हाइझे नावाच्या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटनं बाहेर काढलं की नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्झॉस डिस्का जुन्या निघाल्या. साध्या नोंदीत चाललेले तास शून्य करून ठेवले होते, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आतली वेगळी नोंद असते ती कुणी पुसली नव्हती, तिथे काहींचे १५ हजार ते ५० हजार तास निघाले. चिया नावाच्या चलनाच्या खाणकामातून त्या आल्या असाव्यात असा संशय होता. कंपनीनं नव्हे, साखळीत मधे कुणीतरी हात मारला होता. स्मार्टसीटीएल या फुकट टूलच्या नव्या आवृत्तीत फार्म वाचता येतं.

तिसरं, पहिल्या दिवशी पूर्ण डिस्क भरून लिहा आणि पूर्ण वाचा. ८ टीबीला लिहायलाच १२ तास जातील, लावून झोपा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलमध्ये ५, १९७ आणि १९८ या ओळी (डिस्क स्वतःच्या खराब जागांची मोजदाद ठेवते त्या) बघा, तिन्ही शून्य पाहिजेत, नसतील तर त्याच दिवशी दुकानात. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला.

रिकव्हरीवाला_पुणे

ह्या ओळींना एवढंही डोक्यावर घेऊ नका हो. गूगलनं २००७ मध्ये स्वतःच्या लाखभर डिस्कांवर पेपर काढला त्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. आकडा वाढला तर घाबरायचं, शून्य असला तर निश्चिंत नाही व्हायचं.

सांगलीचा_फोटोवाला

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, मधे सीझन होता.

८-८ टीबीच्या सहा घेतल्या, तीन एका कंपनीच्या सांगलीतून, तीन दुसऱ्या कंपनीच्या पुण्याहून. सगळ्या भरून वाचून तपासल्या, एकीची १९७ ला दोन दाखवत होती ती दुकानदारानं कुरकुरत बदलून दिली. जुन्या दहा पोर्टेबल उतरवताना अजून एक अडखळत होती, २०१६ ची, ती डीडीरेस्क्यूनं निघाली, चार दिवस लागले. कॉपी झाल्यावर दोन्हीकडचं जुळवून बघायचं टूल पण लावलं. तीन डिस्का कराडला सासूबाईंच्या कपाटात, पितळी डब्यात, जेलसकट. त्यांना वाटतंय जावयानं किमती काहीतरी ठेवायला दिलंय, कुलूप लावून किल्ली कमरेला.

टकटकवाली बाहेर दिली होती. हेड बदलून ९० टक्क्यांच्या वर डेटा निघाला, खर्च झाला तो बायकोला सांगितलेला नाही म्हणून इथंही लिहीत नाही. चौथ्या लग्नाचं जवळपास सगळं आलं, फक्त वरातीतले साठएक फोटो अर्धे चांगले आणि खाली राखाडी पट्टा. गिऱ्हाइकाच्या यादीशी ताडून बघितलं तर त्यातले दोनच निघाले, दोन्ही नाचणाऱ्या मामांचे. मामांना अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि अल्बम आता परत थांबलाय, कव्हर लेदरचं घ्यावं की वेलवेटचं यावर त्यांचा विचार चाललाय.